शेषराव जेवत नाहीत

"पण बुवा, ते तोंडच उघडत नाहीत, तर घास घालू कुठं?"

वैजनाथनं टोपली निंबाबुवांच्या पुढ्यात ठेवली आणि वरचं फडकं बाजूला केलं.

बुवांनी आत डोकावून पाहिलं. टोपलीच्या कडेला करंगळीएवढं जाड धामणीचं पिल्लू अंग चोरून बसलं होतं. त्याच्या डोक्यावर एक बोराएवढी बेडकी बसली होती.

बेडकी मजेत होती.

"कोण जेवत नाही?" बुवांनी विचारलं.

"शेषराव."

"यातला शेषराव कोणता?"

"खालचा."

बुवा पुन्हा टोपलीत बघत राहिले. ओसरीवर मठातली सगळी माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि बुवा काय म्हणतात याकडे कान देऊन होती. त्यांनी कान का देऊ नये? कालपासून कुणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

मठ तसा लहानच. बालाघाटच्या एका उतारावर एक समाधी, एक ओसरी, धान्याची एक कोठी आणि एक चूल. नियमही फार नव्हते, कारण निंबाबुवांच्या ते लक्षात राहत नसत. एकच नियम त्यांच्या गुरूंच्याही गुरूंपासून चालत आला होता. पाहुणा जेवल्याशिवाय मठात कुणी जेवायचं नाही.

आणि हा नियम सांभाळायला वैजनाथ होता.

वैजनाथ बुवांचा पट्टशिष्य. कोठी त्याच्याकडे आणि पंगत वाढणंही त्याच्याकडे. त्याच्या आग्रहाची कीर्ती डोंगराखालच्या गावांपर्यंत गेली होती. पानावर आडवा हात धरला तर तो हातावर वाढी. "नको" म्हणणाऱ्याला आपली शपथ घाली, शपथेला न जुमानणाऱ्याला बुवांची घाली. एकदा एक फौजदार साहेब लापशी नको म्हणाले होते. ते डोंगर उतरताना कमरेचा पट्टा हातात घेऊन उतरले.

"माझ्या पंगतीतून आजवर कुणी उपाशी उठलं नाही," असं वैजनाथ म्हणे. दर पंगतीला म्हणे.

काल सकाळी कडब्याची गंजी हलवताना हे पिल्लू निघालं. लोक काठ्या घेऊन धावले. वैजनाथ मध्ये पडला. त्यानं पिल्लू आपल्या उपरण्यात उचलून घेतलं आणि सगळ्यांदेखत छाती काढून म्हणाला, "काठ्या टाका! धामण आहे, बिनविषारी. मी सांभाळणार याला. आजपासून हा मठाचा पाहुणा."

लोकांनी काठ्या टाकल्या. कुणी कुणी हातही जोडले. वैजनाथ भारी खुशीत होता.

आपण काय बोलून बसलो हे त्याला दुपारी, ताटं मांडायच्या वेळी कळलं.

मग सुरू झालं. धामण गाईचं दूध पिते असं वैजनाथ लहानपणापासून ऐकत आला होता, म्हणून आधी दूध झालं. मग साखर घातलेलं दूध झालं. दूधभात झाला. लापशी झाली, वरून तूप सोडून झालं. पाहुण्याला नावाशिवाय आग्रह कसा करायचा, म्हणून दुपार कलण्याआधी बारसंही उरकलं. पण शेषरावांनी दुधात शेपटी बुडवली आणि काढून घेतली, यापलीकडे काही घडलं नाही.

काल सगळा मठ ताकावर राहिला. ताक जेवणात धरत नाहीत असा निवाडा गोदाक्कांनी दिला होता. मठाचा स्वयंपाक गोदाक्का करत. चुलीजवळ राहून राहून त्यांचं बोलणंही चुलीसारखं झालं होतं.

आज सकाळी त्यांचा धीर सुटला.

"आवं वैजनाथबुवा, साप हाय त्यो. लापशी कामून खाईल? वढ्यावरनं एखादी बेडकी आना."

"गोदाक्का! मठात हिंसा?"

"आन् हितं आख्खा मठ उपाशी मारायलाव, ती कोनची अहिंसा म्हनायची?"

वैजनाथनं बुवांकडे पाहिलं होतं. बुवा एवढंच म्हणाले होते, "ज्याचा घास त्याला."

म्हणून बेडकी आली. ती धरायला वैजनाथला ओढ्यात दोनदा आपटावं लागलं, ते असो. त्यानं बेडकी शेषरावांच्या तोंडाशी नेली, मागे घेतली, पुन्हा नेली.

"घ्या, शेषराव. लाजू नका. आपलंच घर समजा. बरं, माझ्यासाठी एक... बरं, बुवांसाठी एक..."

सगळा मठ टोपलीवर ओणवा झाला होता. ज्याच्या घासावर आपलं जेवण अडलंय त्याच्या तोंडाकडे माणूस बघणारच.

"आं केलं! आं केलं!"

"कुठं? न्हाई, जीभ काढली नुस्ती."

"जरा पुढं सरकवा की ती बेडकी."

"पुढं कुठं? नाकाला टेकलीय."

शेषराव जितके मागे सरकत तितकी बेडकी पुढे येई. शेवटी टोपली संपली. मग त्यांनी डोकं वेटोळ्यात खुपसलं आणि बेडकीला बसायला बरी जागा झाली.

तशीच ती टोपली आता बुवांच्या पुढ्यात होती.

"बघा तरी बुवा," वैजनाथ म्हणाला. "किती बारीक झालेत एका दिवसात."

"काल किती जाड होते?"

वैजनाथनं करंगळी पुढं केली, तिच्याकडे पाहिलं आणि मागे घेतली.

"बुवा, तुम्ही काहीतरी करा. नुसता डोक्यावर हात ठेवा त्यांच्या."

"तिथं बेडकी आहे."

"बुवा..."

बुवांनी फडकं पुन्हा टोपलीवर ओढलं. मग वैजनाथकडे निरखून पाहिलं.

"तू जेवलास?"

"कसा जेवेन? नियम आहे."

"भूक लागलीय?"

"लागलीय."

"फार?"

"डोळ्यांपुढं काजवे चमकतायत, बुवा."

"मग ऊठ. मठाबाहेर जा."

वैजनाथचा चेहरा उतरला. इतकी वर्षं सेवा केली आणि एका धामणीपायी हे... त्यानं वाकून बुवांचे पाय धरले.

"कायमचा जाऊ?"

"दरवाजापर्यंत जा. मग दरवाजाच्या बाहेर जा."

वैजनाथ गेला. पाय ओढत गेला. दरवाजाबाहेर जाऊन तो मठाकडे पाठ करून उभा राहिला. आता डोळे पुसावेत की तसेच राहू द्यावेत, हे त्याला ठरवता येईना.

आतून बुवांचा आवाज आला. "कोण आहे बाहेर?"

"मी... वैजनाथ."

"अरे वा. या, या. पाहुणे आले! गोदाक्का, पाहुण्यांना ताट करा."

गोदाक्कांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पाट मांडला. ताट आलं. ज्वारीची गरम भाकरी, पिठलं, कांदा आणि वर तेलाची धार. वासानं ओसरीवरची माणसं डोलायला लागली.

वैजनाथ पाटावर बसला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मान वर केली.

सगळा मठ त्याच्याभोवती ओणवा झाला होता.

पाहुणा जेवला की आपली सुटका, हे एव्हाना प्रत्येकाच्या ध्यानात आलं होतं. वैजनाथचा हात ताटातून उचलला गेला, तशा सगळ्यांच्या नजरा हाताबरोबर वर आल्या. त्यानं तोंड उघडलं, तशी समोरची दोनचार तोंडं आपोआप उघडली.

"आं केलं! आं केलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

वैजनाथनं घास तोंडात घातला. तो चावू लागला. बुवा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या गालांकडे बघू लागले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"गिळलं का?" बुवांनी गोदाक्कांना विचारलं.

"न्हाई अजून. गालात हाय."

"घ्या पाहुणे, लाजू नका," बुवा म्हणाले. त्यांनी स्वतःच एक घास केला आणि वैजनाथच्या ओठांपाशी धरला. वैजनाथ मागे सरकला. घास पुढे आला. तो आणखी मागे सरकला, तर पाठीला खांब लागला.

"माझ्यासाठी एक," बुवा म्हणाले.

"बुवा, तोंडात आहे अजून..."

"गोदाक्कांसाठी एक."

वैजनाथला ठसका लागला. पिठलं नाकात गेलं. लोकांनी पाठ थोपटली, पाणी दिलं आणि पाणी पिताना घशाची घाटी हलते का, तेही सगळ्यांनी पाहिलं.

"अहो बुवा!" वैजनाथ कळवळून म्हणाला. "असं सगळेजण तोंडात बघायला लागले तर घास उतरेल का घशाखाली?"

बुवांनी हातातला घास ताटात ठेवून दिला...

वैजनाथचे कान लाल झाले.

"समजलं!" तो ताडकन उठला. "बुवा, समजलं मला!"

त्यानं टोपली उचलली आणि कोठीकडे धूम ठोकली. ताट तसंच राहिलं. लोकांनी ताटाकडे पाहिलं, मग गोदाक्कांकडे. गोदाक्कांनी मान हलवली. पाहुणा अर्धपोटी उठला होता, म्हणजे नियम अजून शिल्लक होता.

कोठीत वैजनाथनं सगळं रीतसर केलं. जोंधळ्याच्या पोत्यांमागच्या अंधारात टोपली ठेवली. बेडकी शेषरावांच्या डोक्यावरून उचलून समोर बसवली आणि वर गोणपाट टाकलं. मग पाय न वाजवता बाहेर आला, दार लावलं आणि साऱ्या मठाला तोंडावर बोट ठेवून बसवलं.

मठ बसला.

थोड्या वेळानं बुवा कोठीकडे गेले. वैजनाथ दाराशी पालथा पडला होता. त्याचा एक डोळा फटीला होता.

"शेषराव," तो अगदी हलक्या आवाजात म्हणत होता, "कुणी बघत नाहीये हो. सावकाश होऊ द्या. काही लागलं तर मी इथंच आहे."

"काय करतोस?" बुवांनी विचारलं.

"काही नाही बुवा. नुसतं लक्ष ठेवतोय."

"अंधारात दिसतं?"

"नाही ना. म्हणून मधून मधून दार उघडतो. गोणपाटही जरासं उचलून बघतो."

"मग?"

"मी गोणपाट उचललं की ते डोकं आत घेतात." वैजनाथ उठून बसला. त्याच्या कपाळावर दाराच्या फळीचा वळ उठला होता. "बुवा, त्यांचं माझ्याशी काही वाकडं आहे का हो?"

बुवा उंबऱ्यावर टेकले.

वैजनाथ त्यांच्या पायाशी बसला. आता त्याचा आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"मरेल ते पिल्लू," तो म्हणाला. "काल उपरण्यात घेतलं ना, तेव्हा गारगार लागलं अंगाला. आणि हालचाल अशी की बोटाला जेमतेम कळावी. सगळे काठ्या घेऊन उभे होते, आणि ते माझ्याकडे आलं. माझा जीव जडलाय हो त्याच्यावर. मी चारचौघांत पाहुणा म्हटलं त्याला. फौजदारांना जेवू घातलं मी, जोगी-गोसाव्यांना घातलं, तापानं फणफणलेल्याला घातलं. माझ्या हातून आजवर कुणी उपाशी राहिलं नाही. आणि एवढंसं लेकरू माझ्या दारात उपाशी मरणार."

त्यानं उपरण्यात तोंड लपवलं. तो खरोखर रडत होता.

"राहिलंय," बुवा म्हणाले.

"काय?"

"उपाशी. तुझ्या हातून एकजण राहिलंय."

वैजनाथनं तोंड वर केलं. "कोण?"

"मी."

वैजनाथ ओल्या डोळ्यांनी हसला. बुवांचं बोलणं असंच असतं, त्याचा अर्थ आपल्यालाच लावावा लागतो, हे तो इतक्या वर्षांत शिकला होता. त्यानं हात जोडले.

"म्हणजे आत्म्याची भूक म्हणायची, बुवा?"

"नाही. भाकरीची."

वैजनाथचे जोडलेले हात तसेच राहिले.

"मला एक भाकरी पुरत नाही," बुवा म्हणाले. "दुसरी लागते. पण दुसरी घेतली की तू तिसरी टाकतोस. तिसरीवर भात येतो, भातावर लापशी. पानात टाकून उठणं मला जमत नाही. म्हणून मी पहिलीलाच हात आडवा धरू लागलो."

"पण मग मी..."

"तू हातावर वाढू लागलास. म्हणून हल्ली मी त्याच्याही आधी उठतो."

"कधीपासून?"

"तू वाढायला लागलास तेव्हापासून."

वैजनाथनं चुलीपाशी बसलेल्या गोदाक्कांकडे पाहिलं. त्या लगबगीनं चुलीत काहीतरी शोधू लागल्या. चुलीत काहीच नव्हतं.

"गोदाक्का, तुम्हाला ठाऊक होतं?"

"आता काय सांगू," गोदाक्का चुलीलाच म्हणाल्या. "पंगती उठल्या की लिंबामागच्या देवळीत अर्धी भाकर ठिवते मी. चटनी आसती संगं. थोरल्या मानसाला चोरून खावं लागतंय, जीव तुटतो माजा."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"कसं सांगावं? सांगनाऱ्याला तुमी पयला पाटावर बशिवला आसता."

ओसरीवर कुणीतरी खाकरलं. मग आणखी कुणी खाकरलं. मग बरेचजण खाकरले, आणि जो तो दुसरीकडे बघू लागला.

वैजनाथ उंबऱ्याशी बसून होता. फौजदार साहेबांची हकिकत तो किती अभिमानानं सांगायचा. आता त्याला ते साहेब पुन्हा कधी मठात का आले नाहीत, हे एकाएकी उमगलं.

"चल," बुवा म्हणाले.

ते त्याला मठामागे कडुलिंबाखाली घेऊन गेले. दगडी भिंतीतल्या देवळीत फडक्यात गुंडाळलेली अर्धी भाकरी होती, गोदाक्कांनी काल सवयीनं ठेवलेली आणि नियमापायी तशीच राहिलेली. वाळून पापड झालेली. सोबत लसणाची चटणी. बुवांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी ठेवली आणि तो दगडावर ठेवून दिला. उरलेली भाकरीही शेजारी ठेवली.

मग ते वैजनाथकडे पाठ करून बसले.

समोरच्या टेकाडावर कुणाची तरी शेरडं चरत होती. बुवा शेरडं बघू लागले.

वैजनाथनं वाट पाहिली. आता बुवा "घे" म्हणतील... निदान मान तरी वळवतील... निदान खाकरतील. बुवांनी काही केलं नाही. एक शेरडू बोरीच्या झुडपावर पुढचे पाय टेकून उभं राहिलं, ते त्यांना फार आवडलेलं दिसलं.

वैजनाथनं तुकडा उचलला. इकडेतिकडे पाहिलं. खाल्ला.

चांगला लागला. त्यानं दुसरा खाल्ला. पंगत उठल्यावर, सगळ्यांचं झाल्यावर, उभ्या उभ्या दोन घास कोंबायचे अशी त्याची रोजची सवय होती. असं बसून, चावून, कुणाला काय कमी पडलं याची काळजी न करता आपण कधी जेवलो होतो ते त्याला आठवेना. त्यानं उरलेली भाकरी संपवली. बोटं चाटली. मग ढेकर दिला आणि दचकला.

बुवा शेरडंच बघत होते.

दोघं परत आले तेव्हा गोदाक्कांची नजर नेमकी वैजनाथच्या मिशीवर गेली. मिशीला चटणी लागली होती.

"पाहुनं जेवलं!" गोदाक्का गरजल्या आणि त्यांनी परात बडवली.

"आन् शेषराव?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. त्याचा हात मात्र तोवर पत्रावळीवर पडला होता.

"त्ये निजलेत. निजल्या पाहुन्याला उठवून जेवू घालायची रीत न्हाई आपल्यात. बसा!"

ही रीत कुणी ऐकली नव्हती, पण कुणी वादही घातला नाही. पंगत बसली. अशी भुकेली पंगत त्या ओसरीनं पाहिली नव्हती. भाकऱ्या मोडल्या, पिठल्याचे भुरके सुरू झाले आणि शेषराव नावाचा कुणी पाहुणा आहे हे सगळा मठ साफ विसरला.

वैजनाथ भाकऱ्यांची दुरडी घेऊन उठला.

पहिल्याच पानावर आडवा हात आला. वैजनाथची भाकरी हातापर्यंत गेली आणि परत दुरडीत आली. हात आडवा धरणाऱ्यानं वर पाहिलं.

"वैजनाथबुवा, बरं वाटतंय ना तुमाला?"

वैजनाथनं मान डोलावली. बोलला असता तर शपथ निघून गेली असती, म्हणून त्यानं जीभ दातांत धरली होती. दुसऱ्या पानावर लापशी उरली होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. तिसऱ्या पानावर कुणी नुसता भात मागितला, त्याला नुसता भात मिळाला. तो माणूस बराच वेळ भाताकडे बघत राहिला.

वैजनाथ बुवांच्या पानाशी आला.

पान रिकामं होतं. बुवांनी हात आडवा धरला नव्हता. ते उठूनही गेले नव्हते.

वैजनाथ उभा राहिला. "एक टाकू का" हे शब्द त्याच्या गळ्यापर्यंत आले. त्यानं ते गिळले. ते वाळल्या भाकरीपेक्षा कठीण गेले.

"भाकरी आहे का रे आणखी?" बुवांनी विचारलं.

वैजनाथनं एक भाकरी वाढली. एकच. बुवांनी ती मोडली आणि ते जेवू लागले.

वैजनाथला भडभडून आलं. तो तसाच पुढच्या पानाकडे सरकला.

पंगत उठली. लोक ओसरीवर जागा मिळेल तिथं आडवे झाले. उरलेलं पीठ कोठीत ठेवायला म्हणून वैजनाथ आत गेला आणि पोत्यांमागचं गोणपाट बघून जागच्या जागी थांबला. त्यालाही आठवण राहिली नव्हती.

त्यानं पिठाचा डबा खाली ठेवला. गोणपाट उचललं.

बेडकी नव्हती. वैजनाथला तिच्यासाठी वाईट वाटलं. सकाळपासूनच्या धावपळीत ती बिचारी ओळखीची झाली होती.

शेषराव टोपलीच्या मधोमध ऐसपैस लांब झाले होते. करंगळीएवढ्या अंगाच्या मध्यावर एक बोराएवढा फुगवटा होता.

"बुवा!"

ती हाक ऐकून आडवे झालेले लोक उठून बसले.

"बुवा! खाल्लं! शेषरावांनी खाल्लं हो!"

सगळे धावत आले. हात धुवायला गेलेले बुवाही आले, ओल्या हातांनी. गोदाक्कांनी दारातूनच फुगवटा पाहिला आणि पदर डोळ्यांना लावला. बोलणं चुलीसारखं असलं तरी बाई मनाची मऊ होती.

"पण खाल्लं कधी?" वैजनाथ सगळ्यांच्या तोंडांकडे बघत म्हणाला. "कुणी पाहिलं का? मी पाहिलंच नाही."

कुणीच पाहिलं नव्हतं.

वैजनाथ टोपलीपाशी गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा फुलून गेला होता. शेषरावांनी डोकं वर केलं, जीभ बाहेर काढली आणि या वेळी ते मागे सरकले नाहीत.

"शहाणं माझं लेकरू ते," वैजनाथ म्हणाला. त्याचा हात आपोआप टोपलीवर गेला. "बुवा, उचलत नाही. पोटाशीही धरत नाही. नुसता पाठीवरून एक हात फिरवतो. शाबासकीपुरता..."

बुवांनी ओले हात धोतराला पुसले.

"फिरव," ते म्हणाले. "ओकेल."